बाबाच्या वाटचं बेकन

शेजारच्या ओपलच्या स्वयंपाकघरातला, धूर झाला की वाजणारा भोंगा महिन्यातून एकदा बोंबलायचा, आणि पलीकडच्या घरातला कुत्रा त्याला इमानदारीत साथ द्यायचा.

बेकनच्या वासाचा साबण. बेकनची चित्रं विणलेले मोजे. बोट कापलं तर चिकटवायला, हुबेहूब बेकनसारखी दिसणारी पट्टी.

चव कशी, तर ओपल म्हणाली, "ऑक्टोबरात पानं जाळतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकरीच्या कोटाला वास येतो, तसं. पण कोट आपला नाही. कुणीतरी आपल्याकडे विसरून गेलेला."

मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलताना माणूस दोनच बोटं वापरतो.

पोर्टलंडमध्ये पाऊस पडत होता. आयोवातल्या हेलर्सबर्गमध्ये बर्फ. बापलेक दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि तरी दोघं ते एकमेकांना फोनवर सांगत होते.

*

पेटी आली तेव्हा व्हर्लिन टेनहाकेन दाराच्या आतच उभा होता. टपालाची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो बाहेर आला नाही. आला असता तर टपालवाला म्हणाला असता, "मज्जा आहे बुवा तुमची!" आणि व्हर्लिनला म्हणावं लागलं असतं, "हो ना."

पेटी थर्माकोलची. तिच्यावर आचाऱ्याची टोपी घातलेलं एक गुलाबी डुक्कर हसत होतं. स्वतःच्याच पोटाच्या पट्ट्या विकताना इतकं हसण्यासारखं काय असतं, हे व्हर्लिनला कधी कळलं नाही. महिन्याला एक पेटी, दर वेळी निराळ्या राज्यातलं निराळं बेकन, म्हणजे डुकराच्या खारवून धुरी दिलेल्या मांसाच्या पट्ट्या. पोटच्या पोरीने, रेनीने, बापाला दिलेली ही भेट होती आणि तिच्यात एकच खोट होती. व्हर्लिनला बेकनचा वाससुद्धा सहन होत नसे.

त्यात त्याचा दोष नव्हता. उभी हयात त्याने गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात काढली होती. डुकराच्या पोटाच्या लाद्या मिठाच्या पाण्यात मुरवायच्या, आकड्यांना टांगायच्या, धुरीच्या खोलीत ढकलायच्या. संध्याकाळी घरी आला की बायको, लॅव्हॉन, त्याला तळघराच्या दाराने आत घ्यायची आणि कपडे तिथेच उतरवायला लावायची. अंगाचा वास जायचा. नाकातला जायचा नाही.

पण रविवारी चर्चहून आल्यावर घरात बेकन तळलं जायचं, कारण छोट्या रेनीला ते आवडायचं. लॅव्हॉन तिघांच्या ताटांत सारखं वाढायची आणि मग व्हर्लिनच्या ताटातल्या पट्ट्या हळूच पोरीच्या ताटात सरकवायची. पोर ते बघायची. तिने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि तो मनात जपून ठेवला.

लॅव्हॉन गेली त्या वर्षीच्या नाताळला रेनी पोर्टलंडहून आली. त्या काळात अख्ख्या देशाला बेकनचं वेड लागलं होतं. आइस्क्रीममध्ये बेकन, डोनटवर बेकन, दारूच्या पेल्यात काडीऐवजी बेकन. एका नवरीने फुलांऐवजी बेकनचा गुच्छ हातात धरून लग्न लावल्याचं टीव्हीवर दाखवलं होतं. झाडाखालची भेट व्हर्लिनच्या हातात देताना रेनीचे डोळे भरून आले.

"बाबा, लहानपणी तू तुझ्या वाटचं सगळं मला द्यायचास. इतकं आवडत असून. आता तुझी पाळी."

व्हर्लिनने आयोवातला कुठलाही बाप म्हणेल तेच म्हटलं.

"अगं, एवढं कशाला."

झालं. वर्गणी सुरू.

*

पहिली पेटी त्याने तळघरातल्या फ्रीजरमध्ये, गोठवलेल्या मक्याच्या खाली गाडली. रविवारी फोन आला.

"आलं का? खाल्लंस? कसं होतं?"

"छान होतं."

"छान म्हणजे कसं?"

"म्हणजे... चांगलं छान."

"बरं. तिकडे बर्फ पडला का?"

"पडला. तिकडे पाऊस?"

"पडतोय."

कॉफी निवायच्या आत फोन संपला. व्हर्लिन फोनकडे बघत बसला. घरात फ्रीज गुरगुरत होता. टीव्हीवर हवामानाचा माणूस हात हलवून व्हर्लिनला ठाऊक असलेलं सगळं सांगत होता. आवाज हवा म्हणून व्हर्लिन तो चालू ठेवायचा. त्याच्या ध्यानात आलं, की पोरगी बोलायला तयार होती. तिने विचारलं होतं, 'कसं?' त्याच्याजवळ उत्तर असतं तर ती अजून फोनवर असती.

दुसऱ्या महिन्यात त्याने मन घट्ट केलं, तवा तापवला आणि एक पट्टी टाकली. पट्टीने चर्र केलं. व्हर्लिनने गॅस बंद केला आणि तो मागच्या दाराबाहेर, बर्फात, नुसत्या मोज्यांवर उभा राहिला. तिथून त्याला शेजारच्या खिडकीत ओपल श्रूडर भांडी घासताना दिसली. तिने हात हलवला. त्यानेही हलवला. मोजे भिजले होते. काहीतरी करायला हवं होतं.

ओपलने शाळेच्या खानावळीत जेवू घालून सारा गाव वाढवला होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं ॲरिझोनाला. व्हर्लिन पेटी काखेत मारून तिच्या दारात गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. त्याच्या मानाने ते मोठंच भाषण होतं.

"म्हणजे मी खायचं," ओपल म्हणाली, "आणि तुला सांगायचं कसं लागतं ते?"

"तुला त्रास नसेल तर."

"आणि तू ते रेनीला सांगणार. म्हणजे मी तुझी जीभ."

"असं म्हटलं की कसंतरीच वाटतं."

"ये आत. बूट काढ. नाक दाबून बस तिकडे खिडकीपाशी."

तिने बेकन तव्यावर टाकलं, आणि चर्चच्या नव्या पाद्रीबाईंनी केस किती आखूड कापलेत ते सांगायला लागली. तव्याकडे तिची पाठ होती. बघता बघता खोली धुराने भरली, तरी पाद्रीबाईंचे केस चालूच. शेवटी भोंगा बोंबलला, पलीकडचा कुत्रा ओरडायला लागला, तेव्हा ती वळली.

"अगबाई! बोलण्याच्या नादात बघ."

व्हर्लिनने पाहुणा या नात्याने काही पाहिलंच नाही. तिने दिलेली कॉफी तो प्यायला. तिच्यातलं दूध नासलेलं होतं. तरी ती त्याने संपवली, वर "झकास" म्हणाला. ओपलने कोळसा झालेला तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिली.

"सांग," व्हर्लिन म्हणाला.

"ऑक्टोबरात पानं जाळतात ना," ती सावकाश म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकरीच्या कोटाला वास येतो, तसं. पण कोट आपला नाही. कुणीतरी आपल्याकडे विसरून गेलेला."

व्हर्लिन ते वाक्य पुटपुटत, सांडू नये अशा बेताने, अंगण ओलांडून घरी घेऊन गेला.

रविवारी त्याने ते रेनीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, परत सांग." त्याने परत सांगितलं. आणि ती हसली, आईसारखी, मध्येच श्वास ओढून. मग तिने कुणाचा कोट, असं विचारलं, मग तिला तिच्या आजोबांचा कोट आठवला, मग ती तिच्या कामाबद्दल बोलली, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल बोलली. व्हर्लिनची कॉफी बर्फासारखी थंड झाली. इतकी छान कॉफी तो कितीतरी दिवसांत प्यायला नव्हता.

*

मग ते दर महिन्याचंच झालं. पेटी आली की ओपल, भोंगा, कुत्रा, वाक्य, रविवारी फोन.

टेनेसीचं बेकन: "शाळेला सुट्टी लागते त्या दिवशीचा रिकामा वर्ग. खडूची पूड आणि ऊन."

व्हरमाँटचं: "मेपलचा पाक, पण पहिल्या नवऱ्याच्या हातचा."

"तुला पहिला नवरा होता?"

"नव्हता. असता तर."

आता यात कुणाचं काय बिघडत होतं? कुणाचंच नाही. बिघडलं ते रेनीने ही वाक्यं इंटरनेटवर टाकली तेव्हा. 'बाबा सांगतो' असं नाव दिलं, वर बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेल्या व्हर्लिनचा फोटो. बेकनचं वेड लागलेल्या देशाला बेकनबद्दल रडवणारा म्हातारा सापडला. लोकांनी ती वाक्यं एकमेकांना पाठवली. एकाने दंडावर गोंदवून घेतली. अनोळखी माणसं व्हर्लिनला भेटी पाठवायला लागली. साबण आला, मोजे आले, जखमेवर लावायच्या पट्ट्या आल्या, बेकनच्या वासाची उदबत्तीसारखी काहीतरी मेणबत्ती आली. व्हर्लिन सगळं तळघरात नेऊन ठेवायचा. तळघराला पुन्हा कारखान्याचा वास यायला लागला.

जानेवारीत ट्रेंट दारात उभा राहिला. ट्रेंट गावातला विमा एजंट आणि हेलर्सबर्गच्या बेकन जत्रेचा अध्यक्ष. त्याच्या गळ्यात बेकनची चित्रं असलेला टाय होता.

"मिस्टर टेनहाकेन, यंदा मुख्य परीक्षक तुम्ही!"

"अरे, नको नको. मी कसला."

"तुमच्याइतकं बेकन कळणारा माणूस या राज्यात नाही."

"तुम्हाला कुणीतरी चांगला मिळेल बघा."

"म्हणजे ठरलं?"

"बघू ना."

आयोवात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'नको नको' म्हणजे विचारत राहा, 'कुणीतरी चांगला मिळेल' म्हणजे जरा अजून आग्रह करा, आणि 'बघू' म्हणजे हो. ट्रेंट हस्तांदोलन करून, पायरीवर थोडा वेळ हवेबद्दल बोलून, गाडीत बसून, परत काच खाली करून अजून थोडं बोलून निघून गेला. संध्याकाळपर्यंत व्हर्लिनचं चित्र धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर लागलं होतं.

रविवारी रेनीचा फोन आला. "बाबा! मी येतेय! तिकीट काढलं!"

लॅव्हॉन गेली त्या नाताळनंतर ती आली नव्हती. व्हर्लिनने वरच्या खोलीतला पलंग झाडला, नवी उशी आणली, आणि मग त्याच पलंगावर डोकं धरून बसला. पोरगी समोर बसणार. सगळ्या गावादेखत तिला कळणार, की बाबाने एक घासही खाल्ला नव्हता, की ते रविवार, ती वाक्यं, सगळं उसनं होतं. मग फोनवर काय उरणार? बर्फ. पाऊस.

"मी तुझ्या शेजारी बसते," ओपल म्हणाली. "सहपरीक्षक म्हणून. तू तोंडाला लाव आणि रुमालात सोड. मी कानात सांगते, तू माइकवर सांग. हाय काय नि नाय काय."

*

जत्रा भरली ती गुरांच्या प्रदर्शनाच्या पत्र्याच्या दालनात. बाहेर फेब्रुवारी, आत डुकराचं रबरी नाक लावलेली माणसं, बेकनचे झगे घातलेल्या बाया, आणि धूर. व्हर्लिन दारातच तोंडाने श्वास घ्यायला लागला. रेनी पहिल्या रांगेत बसली होती. विमानतळावरून घरी येईपर्यंत दोघं हवामानावर भरपूर बोलले होते.

पहिली बशी आली. व्हर्लिनने पट्टी ओठांना लावली, खोकला, रुमाल तोंडाशी नेला. ओपलने चावलं, कानाशी लागली.

"नव्या छत्रीचा आतला भाग," व्हर्लिन माइकवर म्हणाला.

टाळ्या.

दुसरी बशी. "तार आल्यावर दार उघडायच्या आधीचा क्षण." टाळ्या. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. तिसरी बशी पेपरमिंटची होती, कुणा हौशी माणसाने हट्टाने केलेली. तिचा वास असा होता की पहिल्या दोन रांगांनी रबरी नाकावरून खरं नाक दाबलं. ट्रेंटसुद्धा दोन पावलं मागे सरला. ओपल शांतपणे अख्खी पट्टी चावत होती.

"माझ्या आजीचा पियानो," ती कुजबुजली. "बंद असलेला."

"माझ्या आजीचा पियानो," व्हर्लिनने सांगितलं. त्याच्या आजीकडे गुरं होती, पियानो कुठला. रेनीने मान जरा तिरकी केली. पण टाळ्यांत ते वाहून गेलं.

अशा बशांवर बशा झाल्या. रुमाल भरले, ते व्हर्लिनने कोटाच्या खिशात कोंबले. लॅव्हॉनच्या दफनाला घातलेला कोट. त्याच्या खिशातून तेल झिरपून मांडीपर्यंत आलं. विजेता ठरला. व्हर्लिनने सुटकेचा श्वास सोडला, आणि ट्रेंटने माइक उचलला.

"आणि आता, आपल्या रिवाजाप्रमाणे, शेवटची पट्टी! विजेत्याच्या तव्यावरची पहिली पट्टी परीक्षक आपल्या जिवलग माणसाबरोबर अर्धी अर्धी खातात. गेल्या वर्षी मेयरसाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती. यंदा, खास पोर्टलंडहून आलेली, बाबाची लाडकी... रेनी!"

दालन दणाणलं. रेनी वर आली. ट्रेंटने जाड, चकाकणारी पट्टी तिच्या हातात दिली आणि माइक दोघांच्या मध्ये धरला.

"बाबा, तू घे," रेनी म्हणाली.

"नाही गं, तू घे. तुला आवडतं."

"तुला जास्त आवडतं. सगळी घे."

"मी काय, नेहमीच खातो. तुझ्यासाठीच तर..."

"नाही, बाबा, तूच."

पट्टी या हातातून त्या हातात गेली, परत आली, परत गेली. समोर हुंदके सुरू झाले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघा, अजून स्वतःच्या तोंडचा घास पोरीला देतोय." ट्रेंटने बेकनच्या टायने डोळे पुसले.

पट्टी पुन्हा रेनीच्या हातात आली तेव्हा व्हर्लिनने पहिल्यांदा नीट बघितलं. ती पट्टी दोन बोटांत धरून उभी होती, अंगापासून दूर, मेलेला उंदीर शेपटीला धरल्यासारखी. व्हर्लिनने आपला हात बघितला. तोही तसाच होता.

त्याने माइक पंजाने झाकला.

"रेनी," तो हळू म्हणाला, "तू शेवटचं कधी खाल्लंस?"

रेनीचा चेहरा लहानपणी खोटं पकडल्यावर व्हायचा तसा झाला. "मी मांसच खात नाही, बाबा. केव्हाच सोडलं. तुला सांगितलं असतं तर आपण बोललो काय असतो?" मग तिने त्याच्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं, मांडीवरच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं. "तू... तूपण?"

"मला कधीच आवडलं नाही. तुझी आई माझ्या ताटातलं तुला द्यायची. मी देत नव्हतो. ती मला वाचवत होती."

बाप आणि लेक एकमेकांकडे बघत होते आणि पट्टीतून तेल ठिबकत होतं.

"द्या इकडे," ओपल म्हणाली, आणि तिने पट्टी घेऊन तोंडात टाकली. माइक ओढून घेतला. सावकाश चावलं.

"लॅव्हॉनचं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "चर्चहून आल्यावर. तिघांची ताटं मांडलेली आहेत आणि कुणीच अजून बसलेलं नाही."

लोक उभे राहिले. रबरी नाकं काढून लोक रडले. स्थानिक वर्तमानपत्राच्या फोटोत ट्रेंट सगळ्यांत जास्त रडताना दिसतो.

*

घरी येताना गाडीच्या काचेवर बर्फ भुरभुरत होता, आणि व्हर्लिनला त्याबद्दल काही म्हणायचा धीर होईना. शेवटी रेनीला हसू फुटलं, आईसारखं, मध्येच श्वास ओढून.

"इतक्या पेट्या, बाबा! देशभरातून! आणि खाल्लं कुणीच नाही!"

"ओपलने खाल्लं ना."

"आणि ती वाक्यं?"

"सगळी तिचीच."

रेनीने काचेवरचं बाष्प पुसलं. "मला वाटायचं, मला माझा बाप आत्ता कुठे कळायला लागलाय."

यावर व्हर्लिनला काही सुचलं नाही. त्याच्या वतीने सुचणारी बाई पुढच्या गाडीने निघून गेली होती.

"बंद करून टाकते मी ती वर्गणी," दारात बूट काढता काढता रेनी म्हणाली. "मी नुसताच फोन करेन. चालेल?"

"फोन कर. पण पेटी राहू दे."

"का?"

व्हर्लिनने शेजारच्या खिडकीकडे बघितलं. तिथे दिवा लागला होता. ओपल एकटीच, कोट न काढता, टेबलापाशी बसली होती.

"ओपलचा जीव आहे गं बेकनवर," तो म्हणाला. "महिनाभर वाट बघते बिचारी. बंद केलंस तर मी कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे?"

वर्गणी चालू राहिली. पुढच्या महिन्यात पेटी आली, व्हर्लिन ती काखेत मारून अंगण ओलांडून गेला, बूट काढले, नासक्या दुधाची कॉफी घेतली, "झकास" म्हणाला. भोंगा बोंबलला. कुत्रा ओरडला. रविवारी फोन वाजला.

"ओपल काय म्हणाली?" रेनीने विचारलं.

लॅव्हॉन गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात ओपल श्रूडर चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली, डोकं मागून आपटलं, आणि त्या दिवसापासून, कुणालाच ठाऊक नसलं तरी, तिला कशाचाही वास येत नाही, की चव कळत नाही.